स्वाभिमानी कलावती एथेल वॉटर्स



राणी लक्ष्मीबाई, अहिल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले यांची चरित्रे आपण वाचतो आणि मुलांनाही सांगतो. आज आम्ही दूरच्या अमेरिकेतील एका कलावतीचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. गायिका, रंगभूमीवरील नटी आणि दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री अशा तिन्ही नात्यांनी तिने नाव मिळविले. तिचे नाव एथेल वॉटर्स. ती आपल्या जातीची नाही, आपल्या भाषेची नाही. तरी तिची कथा मॉरिशसच्या मराठी घरांना परकी वाटणार नाही. आपल्या आज्यापणज्यांनी उसाच्या मळ्यात आणि साहेबांच्या बंगल्यात राबून संसार उभे केले. दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा मान म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

एथेलचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील चेस्टर या गावी झाला. तिची आई तेव्हा कोवळ्या वयाची मुलगी होती आणि तिच्यावर झालेल्या अत्याचारातून हे मूल जन्मले होते. त्यामुळे आईची माया एथेलला फारशी लाभली नाही. आजी सॅली हिने तिला वाढविले. आजी गोऱ्या लोकांच्या घरी घरकाम करी. दिवसभर ती कामावर आणि नात गल्लीत, अशी स्थिती होती. चेस्टर आणि फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांत राहताना एथेलने नको ते सर्व लहानपणीच पाहिले. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि थोड्याच काळात मोडले. पुढे ती फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात खोल्या झाडण्याचे काम करू लागली. आठवड्याचा पगार पावणेपाच डॉलर.

१९१३ साली, सतराव्या वाढदिवशी, मैत्रिणींच्या आग्रहावरून तिने एका ठिकाणी लोकांसमोर दोन गाणी म्हटली. ती ऐकून बाल्टिमोर शहरातील एका नाट्यगृहात गाण्याचे बोलावणे आले. पगार आठवड्याला दहा डॉलर ठरला. प्रेक्षक खूश होऊन रंगमंचावर नाणी टाकीत, ती मात्र व्यवस्थापकांच्या खिशात जात. पैशाच्या व्यवहारात फसले जाणे हे तिच्या नशिबी पहिल्या दिवसापासून होते.

त्यानंतर काही वर्षे ती फिरत्या मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडली. आपल्याकडे तमाशाचे फड जसे हिंडत, तसेच हे जीवन. ती उंच आणि शेंगेसारखी सडपातळ होती, म्हणून जाहिरातीत तिचे नाव ‘स्वीट मामा स्ट्रिंगबीन’ असे छापीत. ती ब्लूज गात असे. ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी. आपल्या बायकांनी जात्यावर बसून ओवीतून मन मोकळे केले, तसे या लोकांनी ब्लूजमधून केले. त्या काळातील इतर गायिका मोठ्या, जोरकस आवाजात गात. एथेलचा आवाज हळुवार होता आणि तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येई. शिक्षक या नात्याने आम्हांला तिचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

१९१९ च्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आली. १९२१ साली हॅरी पेस या कृष्णवर्णीय गृहस्थाने ब्लॅक स्वान नावाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. या कंपनीसाठी एथेलने गायिलेल्या ‘डाउन होम ब्लूज’ या गाण्याला मोठा खप मिळाला आणि नव्या कंपनीला आधार आला. पुढे ‘डायना’ हे गाणे गाजले. १९२७ साली ‘आफ्रिकाना’ या कार्यक्रमातून एथेलबाईंनी ब्रॉडवेवर पाऊल ठेवले. मराठी नाटकाला जसे पुणे-मुंबई, तसे अमेरिकन नाटकाला न्यूयॉर्कचे ब्रॉडवे.

१९३३ हे वर्ष त्यांच्या जीवनात फार महत्त्वाचे ठरले. हार्लेममधील कॉटन क्लब येथे त्यांनी ‘स्टॉर्मी वेदर’ हे गाणे म्हटले आणि साऱ्या शहरात त्यांचे नाव झाले. या क्लबमध्ये गाणारे-नाचणारे कृष्णवर्णीय आणि खुर्चीवर बसणारे गोरे, असा नियम होता. तेथे अर्व्हिंग बर्लिन या प्रसिद्ध संगीतकाराने त्यांचे गाणे ऐकले आणि आपल्या ‘अ‍ॅज थाउजंड्स चीअर’ या कार्यक्रमात त्यांना घेतले. त्यातील इतर प्रमुख कलाकार गोरे होते. त्यांच्या बरोबरीने एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव ब्रॉडवेवर झळकले.

या कार्यक्रमात बर्लिनने त्यांना ‘सपर टाइम’ नावाचे गाणे दिले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांचे जमाव कृष्णवर्णीय माणसांना पकडून, न्यायालयाची वाट न पाहता ठार मारीत. अशाच एका माणसाच्या बायकोचे हे गाणे आहे. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली आहे. मुलांना जेवायला बोलवायचे आहे. परंतु त्यांचा बाप आता कधीच घरी येणार नाही, हे त्यांना कसे सांगावे, या विचारात ती माउली उभी आहे. हसण्यासाठी तिकीट काढून आलेल्या श्रीमंत प्रेक्षकांपुढे हे गाणे म्हणणे सोपे नव्हते. एथेलबाईंनी ते शांतपणे, एकेक शब्द तोलून म्हटले.

गाणारी बाई गंभीर नाटक करू शकेल काय, अशी शंका लोकांना होती. १९३९ च्या जानेवारीत ‘माम्बाज डॉटर्स’ या नाटकात त्यांनी हेगर या कष्टकरी आईची प्रमुख भूमिका केली. या हेगरमध्ये त्यांना आपली आई दिसत असे. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक ब्रुक्स अ‍ॅटकिन्सन यांनी मात्र प्रतिकूल लिहिले. तेव्हा नाट्यक्षेत्रातील अनेक नामवंतांनी स्वखर्चाने त्याच वृत्तपत्रात जाहिरात देऊन एथेलबाईंच्या अभिनयाचा गौरव केला. अ‍ॅटकिन्सन पुन्हा नाटक पाहून आले आणि त्यांनी आपले मत बदलले. त्याच वर्षी १४ जून रोजी एनबीसीने प्रायोगिक दूरचित्रवाणीवर त्यांच्या नावाचा एक कार्यक्रम सादर केला. तेव्हा फारच थोड्या घरांत दूरचित्रवाणी संच होते. आपल्या बेटावर तर दूरचित्रवाणी १९६५ साली आली.

पुढे ‘केबिन इन द स्काय’ हे नाटक १९४० साली आणि त्यावरचा चित्रपट १९४३ साली आला. परंतु चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे सहकाऱ्यांशी खटके उडाले. बाईंचा स्वभाव तापट होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. लहानपणापासून ज्याला कोणी आधार दिला नाही, तो माणूस लवकर विश्वास टाकीत नाही. त्यानंतर सहा वर्षे त्यांना चित्रपट मिळाला नाही. १९४९ साली ‘पिंकी’ या चित्रपटात त्यांनी धुणे धुणाऱ्या आजीची भूमिका केली. तिच्यासाठी ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेत त्यांचे नाव आले. हॅटी मॅकडॅनियल यांच्यानंतर हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय कलावंत होत्या.

आता आम्ही १९५० सालाकडे येतो. या एकाच वर्षी एथेलबाईंनी दोन स्वयंपाकिणींच्या भूमिका केल्या. पहिली, ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ या नाटकातील बेरेनिस. दुसरी, दूरचित्रवाणीवरील ‘ब्यूला’ या मालिकेतील ब्यूला. दोघीही गोऱ्यांच्या घरी चूल सांभाळणाऱ्या, पण दोघींत केवढा फरक! बेरेनिसला स्वतःचे आयुष्य आहे. तिचा आवडता नवरा मरण पावला आहे, त्याची आठवण तिला छळते. घरातल्या पोरक्या मुलीला ती समजावते, रागावते, आणि प्रसंगी जवळ घेऊन गाते. हे गाणे म्हणजे ‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’ हे भजन होय. देवाची नजर चिमणीवरही असते, असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिले. हे नाटक ५०१ प्रयोग चालले आणि १९५२ साली त्यावर चित्रपटही निघाला.

ब्यूलाचे तसे नव्हते. कृष्णवर्णीय कलाकार प्रमुख भूमिकेत असलेली दूरचित्रवाणीवरील ती पहिली विनोदी मालिका, हा मान खरा. पण ब्यूलाला स्वतःचे सुखदुःख जवळजवळ नव्हतेच. मालकाच्या घरच्या अडचणी सोडवायच्या आणि हसत राहायचे, एवढेच तिचे काम. आपल्या समाजाचे असे चित्र एथेलबाईंना अपमानकारक वाटले. पहिल्या वर्षानंतर त्यांनी मालिका सोडली आणि भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली.

स्वयंपाकिणीची भूमिका करण्यात त्यांनी कधीच कमीपणा मानला नाही. त्यांची आजी हेच काम करीत होती. त्या स्त्रीला माणूस म्हणून न दाखविणे, हे त्यांना सहन झाले नाही. भूमिका हलकी असते ती कामामुळे नव्हे, लिहिणाऱ्याच्या नजरेमुळे, असे आम्हांला यावरून वाटते.

या निर्णयाची किंमत त्यांना मोजावी लागली. काम कमी झाले. हिशेब नीट न राहिल्याने प्राप्तिकराचे देणे डोक्यावर बसले. एके काळी ब्रॉडवेवर सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या कलाकारांत गणली जाणारी ही बाई १९५७ साली कर फेडण्यासाठी दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेत उतरली. पण तिथेही त्यांनी कोणापुढे पदर पसरला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांच्या सभा झाल्या. एथेलबाई तेथील गायकवृंदात सामील झाल्या आणि पुढे सुमारे वीस वर्षे त्यांच्या सभांतून भजने गात राहिल्या. मधल्या काळात १९६१ साली ‘रूट ६६’ या मालिकेच्या एका भागात त्यांनी वृद्ध ब्लूज गायिकेची भूमिका केली. तिच्यासाठी एमी पारितोषिकाच्या स्पर्धेत त्यांचे नाव आले.

१ सप्टेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.

आपल्या बेटावरही मराठी नाटके होतात, झाकरी आणि भजने होतात, तरुण मुलेमुली रंगमंचावर उभी राहतात. त्यांना या चरित्रातून तीन गोष्टी घेता येतील. शब्द स्वच्छ उच्चारावा. आपल्या कमाईचा हिशेब आपणच ठेवावा. आणि नाटकात मळ्यात राबणारी आजी किंवा बंगल्यातील मोलकरीण दाखविण्याची वेळ आली, तर तिला केवळ हशा मिळविण्यासाठी उभी करू नये. तिचेही नाव, तिचेही दुःख, तिचेही मत प्रेक्षकांपर्यंत पोहोचले पाहिजे. पालकांनी आणि नाटके बसविणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.