तेर्नातेहून निघालेले पत्र

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. वडिलांची मिळकत हळूहळू बुडत गेली आणि वयाच्या चौदाव्या वर्षी आल्फ्रेडची शाळा सुटली, ती कायमची. पुढे तो थोरल्या भावाच्या हाताखाली जमिनीची मोजणी करू लागला. साखळी घेऊन शेते व डोंगर तुडवताना पायाखालच्या रानफुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, याची त्याला खंत वाटे. मग एक स्वस्त पुस्तिका विकत घेऊन त्याने वनस्पती ओळखण्यास आरंभ केला.

१८४४ मध्ये लेस्टर येथे शिक्षकाची नोकरी करीत असताना वॉलेस यांची हेन्री बेट्स या भुंगे गोळा करणाऱ्या तरुणाशी मैत्री झाली. सजीवांच्या नवनव्या जाती कशा निर्माण होतात, या प्रश्नाने दोघांनाही झपाटले होते. जवळ पैसा नव्हता. पण दुर्मीळ कीटक व पक्षी विकत घेणारे संग्राहक लंडनमध्ये होते. त्यांच्या भरवशावर १८४८ मध्ये दोघे ॲमेझॉनच्या अरण्यात गेले.

चार वर्षांनी वॉलेस परत निघाले, तेव्हा धाकटा भाऊ हर्बर्ट तेथेच पीतज्वराने दगावला होता आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली होती. ऑगस्ट १८५२ मध्ये भर समुद्रात जहाजाला आग लागली. धुराने भरलेल्या खोलीतून काही रेखाचित्रे व टिपणे असलेली एक पत्र्याची पेटी तेवढी त्यांना बाहेर काढता आली. सोबत आणलेला बहुतेक सारा संग्रह त्यांच्या डोळ्यांदेखत जळाला. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांना वाचवले. पुन्हा समुद्रप्रवास करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. तो निश्चय दोन वर्षेही टिकला नाही.

१८५४ ते १८६२ ही आठ वर्षे त्यांनी मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशियाच्या प्रदेशात घालवली. तेथे सव्वा लाखाहून अधिक नमुने जमले. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. साराव्हाक येथे त्यांना मिळालेला अली नावाचा तरुण आधी स्वयंपाक करी. पुढे तो पक्षी टिपण्यात व त्यांची कातडी टिकवण्यात तरबेज झाला. १८५८ मध्ये बाचान बेटावर स्वर्गपक्ष्याची एक अपूर्व जात प्रथम अलीच्याच हाती लागली. तिला नाव मात्र वॉलेस यांचे मिळाले.

१८५६ मध्ये बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर जाताच त्यांना पक्ष्यांची दुनियाच बदललेली दिसली. बालीत आशियातील पक्षी, तर लोंबोकमध्ये ऑस्ट्रेलियाकडील काकाकुवा! मधली सामुद्रधुनी तर अरुंद. मग हा भेद कशामुळे? हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली, तेव्हा बाली आशियाच्या भूमीला जोडले गेले. परंतु लोंबोककडील खोल समुद्र तेव्हाही आटला नाही. हे आज आपण जाणतो. प्राण्यांच्या वाटणीत पृथ्वीचा इतिहास दडलेला असतो, हे वॉलेस यांनी त्या काळीच ओळखले होते. आशियाई व ऑस्ट्रेलियन प्राण्यांमधील ही सीमा आजही वॉलेस रेषा म्हणून ओळखली जाते.

१८५८ च्या आरंभी ते मोलुक्कास बेटांवर तापाने अंथरुणाला खिळले होते. त्या ग्लानीत त्यांना माल्थसच्या लोकसंख्येवरील ग्रंथाची आठवण झाली. जगू शकतात त्याहून कितीतरी अधिक जीव जन्माला येतात. मग कोण तगते? ज्यांच्या अंगी परिस्थितीला अनुकूल असा थोडासा फरक असतो ते! पिढ्यान्‌पिढ्या असे फरक साठत जाऊन नवी जात घडते. ताप उतरताच त्यांनी हा विचार निबंधरूपाने लिहिला आणि तेर्नाते बेटावरून इंग्लंडला चार्ल्स डार्विन यांच्याकडे धाडला.

डार्विन हादरले. नैसर्गिक निवडीचा हाच सिद्धान्त ते वीस वर्षे मनाशी बाळगून होते, पण त्यांनी तो प्रसिद्ध केलेला नव्हता. त्यांच्या मित्रांनी तोड काढली: १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन वाचण्यात आले. आधी डार्विन यांचे, नंतर वॉलेस यांचे. नुकत्याच वारलेल्या तान्ह्या मुलाच्या शोकामुळे डार्विन सभेला नव्हते. वॉलेस तर दूर न्यू गिनीच्या किनाऱ्यावर होते. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, आणि तेवढ्यापुरता हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. वॉलेस यांनी मात्र कधी तक्रार केली नाही. या विषयावरील १८८९ च्या आपल्या ग्रंथाला त्यांनी नाव दिले, तेही ‘डार्विनिझम’ असे.

स्थिर नोकरी त्यांना कधीच मिळाली नाही. गुंतवणुकीत पैसा बुडाला, तेव्हा परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून त्यांनी संसार चालवला. अखेर १८८१ मध्ये डार्विन यांच्याच खटपटीने त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले. त्यांची सारीच मते पटण्याजोगी नव्हती. मृतात्म्यांशी संवाद होतो असे ते मानत आणि देवीच्या लसीला विरोध करीत.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ब्रॉडस्टोन येथे त्यांचे निधन झाले. तेथील त्यांच्या समाधीवर एका प्राचीन वृक्षाचा दगड झालेला बुंधा उभा आहे.