प्लेगची लस शोधणारे हाफकिन



गेल्या महिन्यात नर्सबाई आमच्या पाचवीच्या वर्गाला धनुर्वात व घटसर या रोगांची लस टोचायला आल्या. मी तर भिऊन पाण्याच्या टाकीमागे लपलो. गुरुजींनी मला शोधून काढले, पण मारले नाही. त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. तीच मी येथे लिहीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. ते ज्यू असल्यामुळे त्यांना तिथे प्राध्यापक होता आले नाही. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पुस्तके सांभाळायची नोकरी धरली आणि फावल्या वेळात जंतूंचा अभ्यास केला.

मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे त्यांनी दाखवून दिले. या पेशी म्हणजे शेतावरचे राखणदारच. काही पेशी जंतूंना निकामी करणारी प्रतिद्रव्येही बनवतात. पण नव्या चोराची ओळख पटायला राखणदाराला काही दिवस लागतात. तेवढ्यात रोग बळावतो. म्हणून हाफकिन यांनी मेलेले जंतू टोचायचे ठरवले. मेलेला जंतू रोग करत नाही, पण राखणदार त्याला ओळखून ठेवतात. खरा जंतू आला की लगेच त्याच्यावर तुटून पडतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मरू लागली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा खोलीत प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली! त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. लस घेतलेल्यांत प्लेग फार कमी झाला.

पण १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले. खरे तर ती सगळी माणसे एकाच बाटलीतली लस घेतलेली होती. बाकीच्या बाटल्यांनी कुणालाच धनुर्वात झाला नाही. १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली मुंबईत परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. १९३० साली ते वारले.

गोष्ट ऐकून मी गप्पच झालो. ज्या धनुर्वाताने ती १९ माणसे गेली, त्याची लस तेव्हा नव्हती. आज ती आपल्या शाळेत फुकट मिळते, आणि मी टाकीमागे लपलो होतो! मी बाही वर केली. दोन दिवस दंड ठणकला, एवढेच.

पालकहो, आपल्या मुलांची एकही लस चुकवू नका बरं का!

इयत्ता ५ वी