विश्लेषण : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका का आला होता?

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना परिचित आहे. मात्र, ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या शास्त्रज्ञाला एका बाटलीपायी पाच वर्षे बदनामी सोसावी लागली.

हाफकिन कोण होते?
वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसातील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. ती घेऊन १८९३ मध्ये ते भारतात आले.

प्लेगची लस कशी तयार झाली?
१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णतेने मारून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

ठपका कशाचा?
१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

पुढे काय झाले?
१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. लस प्रयोगशाळेत निर्दोष असून भागत नाही, दंडात सुई जाईपर्यंत ती जपावी लागते, हे मलकोवालने शिकवले.