संत डेमियन आणि देहाचा मान

रोज सायंकाळीं रोझरीच्या आरंभीं आपण देहाच्या पुनरुत्थानावरील आपली श्रद्धा प्रकट करितों. जो असें मानितो, त्यानें देहास तुच्छ लेखूं नये, हें संत डेमियन यांच्या चरित्रावरून दिसतें.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजीं बेल्जममधील त्रेमेलो गांवीं झाला. धर्मगुरु होऊन १८७३ सालीं ते हवाई बेटांपैकीं मोलोकाई येथील महारोग्यांच्या वसाहतींत गेले. जगानें टाकलेल्या त्या लोकांच्या जखमा त्यांनीं स्वहस्तें धुतल्या, बांधल्या. मृतांसाठीं शवपेट्या घडविल्या, कबरी खणल्या. रोगानें झिजलेला देहही ख्रिस्ताच्या हांकेनें उठावयाचा आहे. त्यास मानानेंच मातींत ठेविलें पाहिजे. पुढें तोच रोग त्यांनाही जडला आणि १५ एप्रिल १८८९ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

१९३६ सालीं त्यांचे अवशेष बेल्जममध्यें नेण्यांत आले. १९९५ सालीं त्यांचा उजवा हात मात्र मोलोकाईच्या मूळ कबरींत परत आला. २००९ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. जखमा धुणारा तो हात आपल्या रोग्यांच्या शेजारीं पुनरुत्थानाची वाट पाहत आहे.

आपणही घरांतील वृद्धांची व आजाऱ्यांची सेवा त्याच आशेनें करूं या.