रुकय्याबेगमची शाळा आणि परद्याची बस

एक शिक्षिका एकाच वेळी पाच मुलींना शिकवणार तरी कशी, हे कोडे शाळा काढणाऱ्या बाईंनाच सुटत नव्हते. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी विद्यार्थिनी म्हणून कधी शाळेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता.

त्यांचा जन्म 1880 चा, आजच्या बांगलादेशातील रंगपूरजवळच्या पायराबंद गावातल्या जमीनदार घराण्यातला. मुलींनी बंगाली, इंग्रजी शिकणे वडिलांना पसंत नव्हते. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बंगाली शिकवले. भाऊ इब्राहिम रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवी. लग्नानंतर पती सखावत हुसेन यांनी उत्तेजन दिले. ते बिहारमधील भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये राखून ठेवले होते. 1909 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी रुकय्याबेगमनी भागलपुरात पाच मुलींची शाळा सुरू केली. घरातल्या मालमत्तेच्या वादामुळे ते गाव सोडावे लागले. 16 मार्च 1911 रोजी कलकत्त्याच्या वलीउल्लाह गल्लीत शाळा पुन्हा उघडली, तेव्हा मुली होत्या आठ.

वर्ग कसा चालवायचा हे त्या दुसऱ्यांच्या शाळांत जाऊन शिकल्या. ब्राह्मो आणि हिंदू भगिनींनी चालवलेल्या शाळा त्यांनी पाहिल्या, तिथले शिकवणे न्याहाळले आणि जमेल ते आपल्या शाळेत आणले. शिकवायला मुस्लिम बायका मिळत नसत. मद्रास, आग्रा अशा दूरच्या शहरांतून आणाव्या लागत. त्यांनाही आधी शिकवावे लागे. त्यामुळे मुस्लिम शिक्षिकांसाठी ट्रेनिंग स्कूल हवे, हा त्यांचा सरकारकडे सततचा आग्रह होता.

खरी परीक्षा मात्र वर्गाबाहेर होती. परद्यातल्या मुली शाळेत येणार कशा? शाळेने मोटारबस घेतली. ती चहूबाजूंनी बंद, हवेला जेमतेम वाव. पहिल्याच फेऱ्यांत लहानग्या अंधाराला भिऊन रडल्या, काहींना ओकाऱ्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. पालकांच्या तक्रारी आल्या. मग झडपा उघडून रंगीत पडदे लावले, तर टपालाने धमकीची पत्रे आली: वाऱ्याने पडदे उडतात, मुली बेपरदा होतात, बंदोबस्त झाला नाही तर वर्तमानपत्रांत बोभाटा करू. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मुली त्या बसमध्ये होत्या, कोण जाणे! बस मोकळी ठेवावी तर मुली घरी बसवल्या जाणार. बंद करावी तर मुलींचा जीव जाणार. रुकय्याबेगमना परद्याचा जाच पुरता ठाऊक होता आणि त्यावर त्यांनी धारदार लिहिलेही. तरीही स्वतः त्या बुरखा घालून घरोघरी जात, पालकांची समजूत घालत. मुलगी वर्गात पोचणे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटे.

कलकत्त्यातल्या प्रतिष्ठित मुस्लिम घरांची भाषा उर्दू होती, म्हणून शाळेचे माध्यमही उर्दू राहिले. स्वतः बंगालीत लिहिणाऱ्या बाईंना हे सलत असणार. बंगालीचा वर्ग काढला, तर पुरेशा मुली मिळेनात. कुराणाच्या बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. पोपटासारखे पाठ करून घेऊ नये. मुलींना त्यांच्या भाषेत अर्थ सांगावा. रमजानमध्ये घरोघरी तिलावत चालते, तेव्हा हा आग्रह आजही जुना वाटत नाही. त्याच्या जोडीला इंग्रजी, शिवण, स्वयंपाक, प्रथमोपचार, रुग्णसेवा आणि व्यायाम हे विषयही होते.

आठ मुलींची ती शाळा 1930 पर्यंत हायस्कूल झाली होती. 9 डिसेंबर 1932 रोजी पहाटे रुकय्याबेगम गेल्या. आदल्या रात्री त्या लिहीत बसल्या होत्या. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा अपुरा लेख सापडला. सखावत मेमोरियल शाळा आता सरकारी आहे आणि कोलकात्यात अजून भरते.