बालगंधर्व आणि रुपेरी पडदा

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालपणीच त्यांचा गळा इतका मधुर होता की, लोकमान्य टिळकांनी त्यांचे गायन ऐकून 'बालगंधर्व' या नावाने त्यांचा गौरव केला. पुढे तेच नाव साऱ्या महाराष्ट्राच्या मुखी झाले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका नारायणरावांनी अशा तन्मयतेने साकार केल्या की, त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करू लागल्या. १९११ साली 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता, त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या मरण पावली. परंतु प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून, दुःख गिळून त्यांनी भामिनीची भूमिका केली. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत, ते असे.

१९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. नाटक रात्रभर चाले. एखादे पद रंगले की रसिक 'वन्स मोअर' देत आणि नारायणराव तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गात. त्यांचे गाणे प्रेक्षकांच्या प्रतिसादावर फुलत असे.

१९३१ नंतर बोलपट आले. प्रेक्षक तिकडे ओढले गेले. मंडळीवर कर्जाचा भार होताच. तेव्हा नारायणरावांनीही चित्रपटाची वाट धरली. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु चित्रपटाची रीत निराळी होती. तेथे प्रसंगाचे तुकडे करून चित्रण होई. समोर प्रेक्षक नसत. असे ते केवळ यंत्र. दाद नाही, तेव्हा गाण्याला बहर कोठून यावा? पुढे प्रभातशी असलेला त्यांचा हा संबंध संपुष्टात आला.

१९३७ साली 'अमृतसिद्धी' या त्यांच्या नाटकावरून 'साध्वी मीराबाई' हा बोलपट निघाला. बाबूराव पेंटर यांच्यासारखा जाणता कलावंत त्याचा दिग्दर्शक होता. नाटक जसे होते तसेच बहुतांशी कॅमेऱ्यासमोर मांडण्यात आले. रंगमंचावर दूर बसलेल्या प्रेक्षकाला नारायणरावांची मीरा साक्षात मीराच वाटे. परंतु कॅमेरा जवळून पाहतो. पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाचा चेहरा तो लपवीत नाही. शब्द तेच, पदे तीच, गायकही तोच. तरीही नाटकाने जे साधले, ते बोलपटाला साधले नाही. नाटकाची छाया पडद्यावर उतरली, प्राण मात्र रंगमंचावरच राहिला.

नारायणराव पुन्हा रंगभूमीकडे वळले. वृद्धापकाळ व आजार यांनी त्यांना गाठले, तरी रसिकांचे प्रेम ओसरले नाही. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी त्याच शहरात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही थोर कला आहेत. परंतु प्रत्येकीचा धर्म वेगळा आहे. बालगंधर्वांची कला प्रेक्षकांच्या सान्निध्यात जगत होती आणि तेच तिचे खरे घर होते.