पोरक्यांची शाळा : पंडिता रमाबाई

आईचे प्रेत स्मशानापर्यंत न्यायला चार खांदेकरी मिळेनात, असा प्रसंग रमाबाई डोंगरे यांच्यावर ऐन किशोरवयात आला. दक्षिणेतील दुष्काळात, तीर्थाटनाच्या वाटेवर, वडील अनंतशास्त्री आधीच गेले होते. कसेबसे दोघे पुढे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. उंची कमी पडल्यामुळे तिने तो भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला, असे सांगतात. त्याच दुष्काळाने थोरली बहीणही नेली.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या कौतुकाला दोन वर्षे होतात न होतात तोच श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी, १८८० मध्ये, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने तेही गेले. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा होती. रमाबाईंना तेव्हा चोविसावे वर्ष चालू होते.

पुणे, इंग्लंड, अमेरिका हा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. मात्र अमेरिकेत व्याख्याने देत असतानाच त्यांनी फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, याकडे सहसा लक्ष जात नाही. मुलाला आधी हाताला काम आणि मनाला आनंद द्यावा, अक्षरे मागाहून येतात, हे त्या पद्धतीचे सूत्र त्यांना फार मोलाचे वाटले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. येणाऱ्या बालविधवांना घरी कोपरा, उपास आणि अपशकुनी हे नाव एवढेच ठाऊक होते. रमाबाईंनी त्यांना उपदेश केला नाही. स्वतःच्या खोलीचे दार उघडे ठेवले, मुलींनी केव्हाही यावे. ज्यांना सोवळे-ओवळे पाळायचे त्यांच्यासाठी तशी सोय ठेवली. बाग होती, पुस्तके होती, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलींची सोबत होती. बहुधा या सोबतीनेच सर्वांत मोठे काम केले. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९१ मध्ये पत्नी निवर्तल्यावर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये तिच्याशी पुनर्विवाह केला, आणि विधवांच्या शिक्षणाची ती वाट पुढे हिंगण्यापर्यंत गेली.

त्याच वर्षी धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले. रमाबाई स्वतः इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन धर्मनिरपेक्ष राहील या भरवशावर मुली पाठवणाऱ्यांचा रोष निराधार म्हणता येणार नाही. परंतु काढून नेलेल्या मुलींना दुसरे दार कोणते, याचे उत्तर त्या वेळच्या पुण्यापाशी नव्हते, हेही तितकेच खरे.

मोठी कसोटी त्यानंतरची. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या आईवडिलांचे मरण पाहिलेली ही स्त्री तेथे जाऊन पोरक्या मुली गोळा करू लागली. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर निवारा उभा राहिला. पहिल्या खेपेसच शेकडो मुली आल्या. कुणी हाडाचा सापळा, कुणी कुणावरही विश्वास न ठेवणारी. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर अन्न देणे घातक. मनाचेही तसेच असावे. वर्ग भरण्यापूर्वी अंगावर धडके कपडे, वेळेवर जेवण आणि रात्री शेजारी कुणी मोठे माणूस लागे. शारदासदनातल्या विधवाच आता या लहानग्यांच्या ताया आणि शिक्षिका झाल्या. काल जिचे अश्रू पुसावे लागत होते, तिच्या मांडीवर आज दुसरे पोर झोपत होते.

१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ आला आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शिवण, विणकाम, शेती, छपाई, ज्याला जे जमेल ते काम होते. अंध मुलींसाठी निराळा विभाग निघाला. ब्रेल शिकून आलेली मनोरमा त्यांना वाचायला शिकवी.

मनोरमेनेच संस्था पुढे चालवावी, असे ठरले होते. २४ जुलै १९२१ रोजी तीही गेली. रमाबाई त्यानंतर साडेआठ महिने जगल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचे देहावसान झाले.